काळ्या मातीतला फायबरचा पूल

शेततळ्याच्या कागदावर पाणी कसे टिकते, हे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे मखमलाबादच्या आमच्या घरामागे पोहण्याचा लहान पूल करायचे ठरले आणि विक्रेत्याने व्हायनल लायनरचा, म्हणजे पुलाला आतून लावायच्या प्लॅस्टिकच्या कागदाचा, निळा नमुना हातात ठेवला, तेव्हा मी पहिल्यांदा त्याची जाडी विचारली. ती 20 मिल निघाली, म्हणजे जवळजवळ 500 मायक्रॉन, आमच्या शेततळ्यातल्या कागदाइतकीच. शेततळ्याचा कागद एचडीपीई या टणक प्लॅस्टिकचा असतो आणि लायनर मऊ पीव्हीसीचा, हा फरक खरा. पण पाण्याच्या पातळीवरच्या उघड्या पट्ट्याला ऊन आधी खाते, ही खोड दोघांचीही सारखीच. 30 मिलचा, म्हणजे पाऊण मिलिमीटरचा लायनरही मिळतो आणि दोन्ही समोर असतील तर तोच घ्यावा.

आम्ही अखेरीस फायबरग्लासचा तयार पूल घेतला आणि त्याला आता तीन उन्हाळे झाले. आमच्या साडूंनी दिंडोरीकडच्या शेतघरात त्याच्या कितीतरी आधी व्हायनलचा पूल केला होता, त्यामुळे पुढचे मत दोन्ही पुलांत पोहून आणि दोन्ही पूल घासून झालेले आहे.

व्हायनलच्या पुलात भार भिंतींवर असतो, कागदावर नसतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी किंवा पॉलिमरच्या तावदानांची, म्हणजे पॅनेलची, चौकट उभी करतात, तळाला वाळूचा किंवा सिमेंट-मिश्रणाचा गुळगुळीत थर देतात आणि मापाप्रमाणे करून आणलेला लायनर वरच्या खाचेत अडकवून आतून ताणून बसवतात. हवा तो आकार आणि हवी ती खोली मिळणे हा त्याचा मोठा गुण. साडूंचा पूल काजूच्या आकाराचा आहे, एका टोकाला सात फूट खोल आहे आणि त्यांच्या बांधावरच्या अरुंद रस्त्याने सगळे सामान पिकअपमधून आले.

आमचा निर्णय मात्र जमिनीने घेतला. काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या ओढाताणीत तावदानांचे सांधे किती वर्षे एका रेषेत राहतील, अशी शंका मनात आली. फायबरचा पूल सांधा नसलेला, एकाच साच्यातून निघालेला असतो, त्यात पृष्ठभागावर जेलकोट, म्हणजे रेझिनचा गुळगुळीत रंगीत लेप, आणि मागे रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंचे थर असतात आणि जमीन थोडी हलली तर तो तडकण्याऐवजी किंचित लवतो. अर्थात माती कोणालाच माफ करत नाही. मुरूम लागेपर्यंत खोदणे दोन्ही प्रकारांत सारखेच आवश्यक आहे आणि जो कंत्राटदार काळ्या मातीवरच पूल ठेवू म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवावे.

आमचा पूल 20 फूट लांब, 10 फूट रुंद आणि साडेतीन ते साडेचार फूट खोल आहे. एवढी वस्तू अखंड आणायची असल्याने ती ट्रकवर तिरकी उभी करून आणली. गल्लीतल्या विजेच्या तारा आणि एका शेजाऱ्यांच्या आंब्याची फांदी यांमुळे हायड्रा क्रेन चार तास नुसती उभी होती. गिऱ्हाइकाने सर्वांत आधी मोजावे ते हेच: खड्डा नंतर, रस्ता आणि वळण आधी.

बसवण्याच्या कामात आमची फसगत झाली, तीही सांगितली पाहिजे. पुलात एक फूट पाणी भरायचे आणि बाहेर एक फूट बारीक खडी भरायची, असा दोन्हीकडचा दाब सारखा ठेवत वर यायचे असते. मी दुपारी जेवायला गेलो असताना खडी कमी पडली म्हणून माणसांनी एका बाजूला खोदून काढलेलीच माती ढकलली. पहिल्याच पावसाळ्यात ती बाजू खचली आणि काठाच्या फरशा तडकल्या. पुलाला काही झाले नाही, पण फरशा उकरून ती पोकळी पुन्हा खडीने भरण्याचा खर्च आम्हालाच सोसावा लागला. बाहेर भरायचे साहित्य कोणते, हे दरपत्रकात लिहून घ्यावे.

पावसाळ्याचे भय वेगळे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतले पाणी वर येते आणि त्या दिवसांत फायबरचा पूल रिकामा केला तर तो होडीसारखा वर उचलला जाऊ शकतो. व्हायनलमध्ये हेच पाणी लायनरच्या मागे शिरून त्याला तळापासून फुगवते आणि नंतर सुरकुत्या राहतात. साडूंकडे एका वर्षी हे झाले. आम्ही पुलाच्या बाजूला तळापर्यंत एक सहा इंची पाइप उभा ठेवला आहे. त्यात दोरी सोडली की बाहेरच्या पाण्याची पातळी कळते आणि गरज पडली तर तिथूनच पंप लावता येतो. सबंध व्यवहारात याइतकी स्वस्त आणि उपयोगी वस्तू दुसरी नाही.

रोजच्या वापरात फायबर उजवा ठरतो. जेलकोट गुळगुळीत असल्याने शेवाळ त्याला चिकटून राहत नाही, मऊ ब्रश फिरवला की निघते. लायनरच्या घड्यांत आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यांत मात्र ते दबा धरून बसते. क्लोरीनचे दाणे न विरघळवता टाकले तर लायनरवर पांढरे डाग पडतात आणि पाणी फार आम्लधर्मी झाले तर तो सुरकुततो. सामू (पीएच) 7.2 ते 7.6 आणि मोकळा क्लोरीन लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम ठेवणे दोघांनाही मानवते. आमच्या बोअरच्या जड पाण्याने पाणरेषेवर क्षारांची पांढरी रेघ धरते, ती फायबरवरही धरते. डिसेंबर-जानेवारीत पाणी इतके गार असते की कोणत्याही पुलात मुले उतरत नाहीत, तो भाग समानच.

दुरुस्तीत मात्र व्हायनलची बाजू मला आधी वाटली त्याहून बळकट निघाली. साडूंच्या कुत्र्याने पायरीवर नखाने पाडलेले छिद्र त्यांनी पाण्याखालीच ठिगळ चिकटवून अर्ध्या तासात बुजवले. आमच्या जेलकोटला खुर्चीच्या पायाने गेलेला टवका मात्र पाणी उतरवून, कारागीर बोलावून भरावा लागला आणि रंग तंतोतंत जुळला नाही. आजही तो ठिपका पहिल्यांदा माझ्याच नजरेस पडतो. निकृष्ट रेझिन वापरलेल्या पुलाला काही वर्षांनी पाण्याचे फोड येतात, म्हणून जेलकोटच्या मागचा थर व्हिनाइल एस्टर रेझिनचा आहे का, हे विचारावे. हा ‘व्हिनाइल’ लायनरच्या व्हायनलहून वेगळा, नावावर जाऊ नये.

पैशांचे बोलायचे तर आम्हाला आलेल्या दरपत्रकांत फायबरचा आकडा व्हायनलच्या दीडपटीच्या आसपास होता. पण लायनर साधारण सात ते बारा वर्षांत बदलावा लागतो आणि त्या वेळी सगळे पाणी सोडून द्यावे लागते. आमच्या एवढ्याशा पुलात वीस-बावीस हजार लिटर, म्हणजे दोन मोठे टँकर पाणी मावते. उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवर टँकर येत असताना ते गटारात सोडण्याची लाज मला वाटली असती, हेही निवडीमागचे एक कारण आहे. आमचे पाणी पहिल्या भरण्यानंतर पूर्ण बदललेले नाही. त्या टवक्याच्या वेळी उतरवलेलेही टाकीत साठवून परत भरले.

साडूंचा लायनर या वर्षी बदलायला आला. मी फायबरची इतकी शिफारस करूनही त्यांनी पुन्हा व्हायनलच मागवला, कारण काजूच्या आकाराचा, सात फूट खोल फायबरचा पूल त्यांच्या बांधावरून आत नेणार कसा, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. या वेळी 30 मिलचा घेतला आहे, आणि जुना लायनर फेकला नाही. कांद्याच्या चाळीवर पसरला आहे.