मावळ्याच्या अंगरख्यावर ऊन-सावली: ॲक्रेलिक की ऑइल?

साताऱ्यात दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे रंगवणारे दरवर्षी हेच विचारतात, सावली ॲक्रेलिकनं पाडायची का ऑइलनं. पन्नासेक मावळे लांबूनच बघायचेत तर ॲक्रेलिक घ्या, वरून गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) मारा नि मोकळे व्हा. ते चटकन सुकतं, ब्रश पाण्यात धुतला की झालं, पण त्यामुळंच दोन शेड मिसळायला वेळ मिळत नाही, पातळ पातळ थर देत बसावं लागतं आणि ५४ मिमी उंचीच्या मावळ्याच्या चेहऱ्यावर थराची कड दिसतेच राव.

शोकेसमधला एकटा घोडेस्वार असेल तर मी ऑइलच म्हणेन. आधी ॲक्रेलिकचा बेस, तो पूर्ण सुकला की पांढऱ्या अंगरख्याच्या चुणीच्या खाचेत ऑइलचा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), वरच्या कडेला पांढऱ्यात चिमूटभर पिवळा, आणि मग कोरड्या मऊ ब्रशनं दोन्हींची हद्द हळूहळू पुसत न्यायची, एवढं मऊ वळण ॲक्रेलिकला जमत नाही. काळा मात्र नको, पांढरं कापड मळकट दिसतं.

त्रास एवढाच की सुकायला दिवस लागतात, टर्पेंटाइनचा वास घरभर, त्यात धूळ बसली की बोंबला! रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवला तर जास्तीचं तेल शोषलं जातं, जरा लवकर सुकतो.