माउंटन पासची खाण ते मॅग्नेट: एका मोटरवाल्याचा सविस्तर रिव्ह्यू

माउंटन पास ही कॅलिफोर्नियातली रेअर अर्थची खाण, म्हणजे मॅग्नेटला लागणाऱ्या निओडिमियमसारख्या धातूंची. तिथून मॅग्नेटपर्यंतच्या सगळ्या प्रवासाचं रेटिंग आधी सांगून टाकतो, ५ पैकी साडेतीन. का ते खाली वाचा, जरा लांबेल कारण हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे.

मी अमेरिकेत मोटर डिझाइन करतो. आमची छोटी कंपनी आहे, सीलबंद पंपात बसणाऱ्या मोटरी बनवतो. रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागात, निओडिमियमचे मॅग्नेट लागतात आणि मोटर गरम चालते त्यामुळे साधा ग्रेड घेऊन भागत नाही, ४२एसएच लागतो म्हणजे १५० डिग्रीपर्यंत टिकणारा. साधा मॅग्नेट ८० डिग्रीच्या वर गेला की उतरायला लागतो, आणि तसा उतरला की गार झाल्यावर ताकद पूर्ण परत येत नाही, ती मोटर गेली समजा. एसएचला हा टिकाऊपणा येतो तो मुख्यतः डिस्प्रोशियम नाहीतर टर्बियममुळे, वजनात अगदी थोडंसं असतं पण सगळा खेळ त्या थोड्याशावर.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थवर एक्सपोर्ट लायसन्स लावलं. त्यात डिस्प्रोशियम आणि टर्बियम दोन्ही, आणि ते घातलेले मॅग्नेटसुद्धा. आमचा सप्लायर दरवेळी सहा आठवड्यांत माल देणारा माणूस, त्याचा मेल आला की लायसन्स हातात येईपर्यंत तारीख सांगू शकत नाही, आणि मोटर कुठे बसणार, शेवटचा ग्राहक कोण हे सगळे फॉर्म भरून पाठवा. माल अकरा आठवडे उशिरा आला. तोवर असेंब्लीची तीन माणसं नुसती बसून होती, रोज सकाळी त्यांच्यासमोरून जाताना मला अपराधी वाटायचं. मोठ्यांचीही तीच गत, फोर्डने मे महिन्यात शिकागोतला एक्सप्लोररचा प्लांट आठवडाभर बंद ठेवला.

तर तेव्हापासून मी माउंटन पासकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने बघायला लागलो. एलए-वेगास रस्त्याने, म्हणजे आय-१५ ने गेलात तर नेवाडाची हद्द यायच्या थोडं आधी चढ लागतो आणि डोंगरात पांढरट कापलेला भाग आणि प्लांटच्या इमारती दिसतात, तीच ही खाण. या रस्त्याने किती वेळा गेलो असेन, पण जून २०२५ मध्ये पहिल्यांदा गाडी हळू केली. माझ्या रोटरमधला निओडिमियम इथून निघू शकतो आणि तरी आजवर मी वापरलेला प्रत्येक मॅग्नेट चीनमधून आला, हे मनातून जाईना.

खाण जुनी आहे. १९४९ मध्ये युरेनियम शोधणाऱ्या लोकांना इथे किरणोत्सर्ग सापडला, निघालं मात्र बॅस्टनेसाइट हे रेअर अर्थचं खनिज, आणि १९५२ पासून मॉलिकॉर्प कंपनीने खोदायला सुरुवात केली. साठच्या दशकात कलर टीव्हीतल्या लाल रंगासाठी युरोपियम लागायला लागलं आणि ते इथलंच. पुढची कित्येक वर्षं जगाला रेअर अर्थ म्हटलं की माउंटन पास. मग एकीकडे चीनचा स्वस्त माल आला आणि दुसरीकडे इथली सांडपाण्याची पाइपलाइन फुटली, आयव्हनपाच्या कोरड्या तळ्याकडे जाणारी, एकदा नाही तर अनेकदा, आणि त्या पाण्यात किरणोत्सारी अंशही होते. १९९८ मध्ये सेपरेशन, म्हणजे रेअर अर्थ एकमेकांपासून वेगळे करणं, थांबलं, २००२ मध्ये खाण बंद. पाइपलाइनचं हे प्रकरण रिव्ह्यूमध्ये मुद्दाम लिहितोय, कारण माल आपला म्हणून कचऱ्याकडे कानाडोळा करायचा हे मला मान्य नाही. आताची कंपनी टेलिंग्जमधलं, म्हणजे खनिज काढून घेतल्यावर उरलेल्या गाळातलं, पाणी गाळून परत वापरते आणि उरलेला गाळ कोरडा करून रचते, ओल्या गाळाचं तळं ठेवत नाही. वाळवंटात पाणी वाचवायचं तर हाच रस्ता बरोबर, याबद्दल मनापासून पूर्ण मार्क.

खाण पुन्हा उघडायचा पहिला मोठा प्रयत्न फसला होता. २०१० मध्ये चीनने एक्सपोर्ट कोटा आवळला, जपानशी भांडण झालं, भाव कित्येक पट चढले, आणि नव्या मॉलिकॉर्पने शेअर बाजारात येऊन प्रोजेक्ट फिनिक्स नावाने दीड अब्ज डॉलरच्या वर पैसा ओतला. मग भाव पडले, प्लांट ठरल्यासारखा चालेना, कर्ज डोक्यावर, आणि जून २०१५ मध्ये दिवाळखोरी. आमच्या क्षेत्रातले जुने लोक अजून म्हणतात की खाण बुडाली. माझं म्हणणं वेगळं आहे. खनिज उत्तमच होतं, बुडाला तो मधला प्लांट, आणि बुडवलं या समजुतीने की चढलेला भाव चढलेलाच राहील.

२०१७ मध्ये एमपी मटेरियल्सने ही जागा दिवाळखोरीतून फक्त २ कोटी ५ लाख डॉलरला घेतली. इथून पुढे त्यांनी जे केलं ते मला शहाणपणाचं वाटतं. सगळं एकदम करायला गेले नाहीत, आधी फक्त खोदा, दळा, फ्लोटेशन करा म्हणजे फेसावर खनिज वेगळं काढा, आणि ते कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दाट केलेलं खनिज, विका. आता हे विकायचं कुणाला तर चीनला, शेंघे या चिनी कंपनीमार्फत, जिचा एमपीत छोटा हिस्सा होता. लोकांनी यावर खूप टीका केली, अमेरिकेची खाण म्हणता आणि माल चीनला पाठवता. पण दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं! ते कॉन्सन्ट्रेट वेगळं करणारा एवढा मोठा प्लांट चीनबाहेर कुठे होता? त्या पैशावर खाण जिवंत राहिली, माणसं कामाला राहिली, आणि पुढचा टप्पा उभा करता आला.

खाणीला म्हणूनच मी पाचपैकी पाच देतो. खनिजात रेअर अर्थ सात-आठ टक्के आहेत, हे जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं. २०२४ मध्ये ४५ हजार टनांच्या वर रेअर अर्थ ऑक्साइड भरेल एवढं कॉन्सन्ट्रेट काढलं, जगातल्या खाणींमधून निघणाऱ्या मालाच्या साधारण दहा-बारा टक्के, एकट्या एका खड्ड्यातून.

आता खरा प्रश्न सेपरेशनचा. ज्यांना रेअर अर्थ म्हणजे माती खणली की मिळाली असं वाटतं त्यांनी हा भाग नीट वाचा. इथल्या मालात जवळपास निम्मं सिरियम आणि तिसरा हिस्सा लँथेनम, दोन्ही स्वस्त. मॅग्नेटला लागणारे निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम मिळून साधारण १६ टक्के. हे सगळे भाऊ रसायनशास्त्रात इतके सारखे की एकमेकांपासून सोडवायला सॉल्व्हंट एक्सट्रॅक्शनच्या टाक्यांची लांबच लांब रांग लागते, एका टाकीत किंचित फरक पडतो, मग पुढची, मग त्याच्या पुढची, अशा शेकडो. म्हणून सिरियम जितकं आधी बाहेर काढाल तितकं पुढचं काम हलकं. एमपीने इथे जुनी भट्टी परत सुरू केली. कॉन्सन्ट्रेट भाजलं की सिरियमचं ऑक्सिडेशन होतं आणि मग ते हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये फारसं विरघळत नाही, बाकीचे विरघळतात आणि सिरियम गाळात मागे राहतं. मॉलिकॉर्पने फिनिक्समध्ये हे भाजणं काढून टाकलं होतं, म्हणजे सगळं सिरियम टाक्यांमधून फिरवत बसायचं, ॲसिड जास्त, अल्कली जास्त, खर्च जास्त. जुन्या लोकांना जे माहीत होतं ते परत आणलं. मी स्वतः प्रोसेसवाला नाही पण आमच्या कामातही असंच होतं, जुन्या ड्रॉइंगमधली एखादी स्टेप कुणीतरी वाचवतो आणि तीन वर्षांनी कळतं की ती तिथे का होती, म्हणून हे वाचून मला फार बरं वाटलं.

सेपरेशनला मात्र चारच. २०२३ मध्ये वेगळं केलेलं एनडीपीआर, म्हणजे निओडिमियम-प्रेसिओडिमियम एकत्र, निघायला लागलं, २०२४ मध्ये १२९४ टन झालं. आकडा चांगला आहे पण हिशेब करून बघा, ४५ हजार टनांच्या १६ टक्के म्हणजे सात हजार टनांच्या आसपास. म्हणजे जे निओडिमियम जमिनीबाहेर काढलं त्यातलं पाचात एकाहूनही कमी इथे शुद्ध झालं, बाकीचं कॉन्सन्ट्रेट म्हणूनच गेलं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी चीनला कॉन्सन्ट्रेट पाठवणं थांबवलं, तेव्हा आता हा आकडा चढवण्यावाचून इलाज नाही. चढला की मी पाचवा मार्क देईन.

ऑक्साइड झाला म्हणजे मॅग्नेट झाला असंही नाही हं. ऑक्साइडपासून मेटल करायचं तर वितळलेल्या फ्लोराइडच्या बाथमध्ये इलेक्ट्रोलिसिस लागतं, मग लोखंड आणि बोरॉनबरोबर अलॉय, पातळ पत्र्यासारखं ओतायचं, हायड्रोजनने फोडायचं, जेट मिलमध्ये काही मायक्रॉनपर्यंत दळायचं, मॅग्नेटिक फील्डमध्ये दाबायचं, सिंटर करायचं म्हणजे भट्टीत तापवून घट्ट करायचं, कापायचं, घासायचं, कोटिंग करायचं. ही पूड हवेत उघडी राहिली तर पेट घेते. हे काम हाताला सवय असलेल्या माणसांचं आहे, आणि ती सवय अमेरिकेने स्वतःहून घालवली याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. निओडिमियम मॅग्नेटचा शोध ८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सुमितोमोत सगावा यांनी आणि इथे जनरल मोटर्समध्ये क्रोट यांनी जवळजवळ एकाच वेळी लावला. जीएमने त्यासाठी मॅग्नेक्वेंच काढली, १९९५ मध्ये ती विकली, घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या, आणि काही वर्षांत इंडियानातलं काम उठून चीनला गेलं. मशीन परत विकत घेता येतं, पंधरा वर्षं सिंटरिंगची भट्टी चालवलेला माणूस कुठून आणणार?

आता तीच जीएम टेक्सासच्या फोर्ट वर्थमधल्या एमपीच्या मॅग्नेट कारखान्याची पहिली गिऱ्हाईक आहे. करार २०२१ चा, बांधकाम २०२२ पासून, जानेवारी २०२५ मध्ये मेटलचं व्यावसायिक उत्पादन आणि ट्रायल मॅग्नेट सुरू झाले. सुरुवातीचं टार्गेट वर्षाला हजार टन, कंपनीच्या हिशेबाने सुमारे ५ लाख इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरींना पुरेल एवढं. मी अजून त्यांचा एकही मॅग्नेट हातात घेतलेला नाही त्यामुळे मार्क देत नाही, ते बरोबर होणार नाही.

जुलै २०२५ मध्ये जे झालं त्यामुळे माझं रेटिंग अडीचवरून साडेतीनवर गेलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एमपीचे ४० कोटी डॉलरचे प्रेफर्ड शेअर घेतले आणि एनडीपीआरला किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव दिला, १० वर्षांसाठी, तेव्हाच्या बाजारभावाच्या जवळपास दुप्पट. शिवाय दुसरा मोठा कारखाना धरून वर्षाला १० हजार टन मॅग्नेटची क्षमता उभी करायची. त्यानंतर काही दिवसांतच ॲपलचा ५० कोटी डॉलरचा करार, रिसायकल केलेल्या मालापासून मॅग्नेट. किमान भावावर माझे काही सहकारी चिडलेत की कराच्या पैशातून एका कंपनीला पोसायचं का. मला तो खर्च योग्य वाटतो. मॉलिकॉर्प पडली ती नेमकी इथेच, चीनने भाव पाडला की बँकेचा हप्ता थांबायचा. खाली आधार असेल तर माणूस दहा वर्षांचं काम हाती घेतो, नाहीतर भाव चढला की प्लांट आणि पडला की कुलूप हे चक्र चालूच राहणार.

तक्रार आहे ती हेवीची, म्हणजे डिस्प्रोशियम, टर्बियमसारख्या जड रेअर अर्थची, तिथे दोन मार्क. माउंटन पासच्या खनिजात डिस्प्रोशियम, टर्बियम फार थोडे. त्यासाठी वेगळी सेपरेशन लाइन हवी, तिला संरक्षण खात्याने २०२२ मध्ये ३ कोटी ५० लाख डॉलर दिले होते, जुलै २०२५ मध्ये १५ कोटींचं कर्ज कबूल केलं, आणि बाहेरून कच्चा मालही आणावा लागेल. दरम्यान ऑस्ट्रेलियाच्या लायनासने मे २०२५ मध्ये मलेशियात डिस्प्रोशियम ऑक्साइड काढून दाखवलं, चीनबाहेर व्यावसायिक पातळीवर पहिल्यांदाच. म्हणजे होऊ शकतं. पण माझी मोटर १५० डिग्रीला चालते, मला एनडीपीआर कितीही मिळालं तरी तेवढ्यावर ४२एसएच बनत नाही, आणि खाण सुरू झाली म्हणजे प्रश्न मिटला असं सांगणाऱ्यांनी हे एक वाक्य दोनदा वाचावं.

दुसरी तक्रार छोट्या लोकांची. ऑगस्ट २०२५ पर्यंतचे मॅग्नेटचे मोठे जाहीर करार जीएम, ॲपल आणि संरक्षण खात्याचे, सगळे हत्ती. वर्षाला काहीशे किलो घेणाऱ्या आमच्यासारख्यांचा नंबर कधी? दहा हजार टनांतला एक छोटा कोपरा डिस्ट्रिब्युटरमार्फत छोट्या मोटरवाल्यांसाठी ठेवला तर कितीतरी वर्कशॉप वाचतील, ही माझी कळकळीची विनंती आहे.

घेणाऱ्यांसाठी, ऑगस्ट २०२५ मधली परिस्थिती धरून सांगतो. तुमची मोटर १०० डिग्रीच्या आत राहत असेल तर हेवी नसलेल्या ग्रेडवर डिझाइन आणा, अमेरिकन माल आधी त्याच ग्रेडमध्ये मिळेल. गरम मोटर असेल तर सप्लायरला ग्रेन बाउंड्री डिफ्युजनचा मॅग्नेट मागा, त्यात डिस्प्रोशियम बरंच कमी लागतं कारण ते फक्त कणांच्या कडांना जातं. आणि नुसतं कुठे बनला विचारू नका, ऑक्साइड कुठला, मेटल कुठे झालं, सिंटर कुठे केला, तिन्ही वेगवेगळं विचारा. मी विचारलं तर तीनपैकी दोन सप्लायरना मेटल कुठलं ते माहीतच नव्हतं.

आम्ही रोटर बदलतोय, थंड करायला तेलाची वाट जास्त दिली आणि एक डिझाइन ४२एच वर उतरवलं, टेस्ट बेंचवर ११२ डिग्रीला बॅक ईएमएफ (मोटर फिरताना तयार होणारा व्होल्टेज, त्यावरून मॅग्नेटची ताकद कळते) अजून जागेवर आहे, पण एचची हद्दच १२० डिग्री त्यामुळे फार हात मोकळा नाही. दुसरं डिझाइन मात्र एसएचशिवाय होत नाहीये, त्याची ऑर्डर परत त्याच जुन्या रस्त्याने टाकलीय, फॉर्म भरून.