ज्यू ज्योतिषाचा ऑनलाइन कोर्स: तलमूदसाठी घ्या, शेवटचा तक्ता सोडा

प्राचीन ज्यू ग्रंथांमधले ग्रह आणि त्यांचे देवदूत या विषयावरचा एक रेकॉर्डेड कोर्स परवा संपवला. नाव सांगत नाही कारण पुढे थोडं झापायचंय. पाचपैकी साडेतीन.

तलमूदचा (ज्यू धर्मगुरूंच्या वादचर्चांचा जुना ग्रंथ) भाग एक नंबर. तिथे रब्बींची, म्हणजे त्या धर्मगुरूंची, चक्क जुंपलीये, एकाच्या वहीत लिहिलंय की जन्माचा वार बघा, तर रब्बी हनीना म्हणतात वार नाही हो, होरा बघा, म्हणजे त्या तासावर कुठल्या ग्रहाचा अंमल ते. मंगळाच्या होरेत जन्मला तो रक्त सांडणार, त्यावर रब्बी आशी म्हणतात की मग तो रक्त काढणारा वैद्य होईल, नाहीतर चोर, खाटीक किंवा सुंता करणारा. म्हणजे रक्त ठरलेलं, धंदा तुमचा तुम्ही बघा! रब्बा नावाचा रब्बी म्हणतो माझाही मंगळच की, तर दुसरा रब्बी अबये लगेच सुनावतो, तुम्हीपण शिक्षा करता आणि मारता. हसलोच मी. आणि त्याच पानांवर रब्बी योहानान म्हणतात, इस्राएलवर ग्रहांचं काही चालत नाही. मग रब्बी अकिवाच्या मुलीची गोष्ट, लग्नाच्या दिवशी साप चावून मरणार असं भाकीत, पण तिने केसातली पिन भिंतीत खोचली ती नेमकी सापाच्या डोळ्यात गेली. का वाचली, तर मांडवात कोणी लक्ष न दिलेल्या भिकाऱ्याला तिने स्वतःचं ताट दिलं होतं.

कुमरानचा (मृत समुद्राकाठी सापडलेल्या जुन्या ज्यू हस्तलिखितांपैकी) तुकडा पण मस्त दाखवलाय, अक्षरं उलट्या दिशेने लिहिलेली, मांड्या आणि पायाची बोटं लांब नि बारीक असलेल्या माणसाच्या आत्म्याचे सहा भाग उजेडाच्या घरात, तीन अंधारात, आणि जन्म वृषभ राशीच्या पायाशी.

माती खाल्ली ती शेवटी. सूर्याचा मीखाएल, चंद्राचा गाब्रिएल असा रंगीत तक्ता, कुठलं नाव कुठल्या काळातलं याचा पत्ताच नाही! हनोखच्या पुस्तकात (हा ख्रिस्तपूर्व काळातला ज्यू ग्रंथ) देवदूतांनी माणसांना ताऱ्यांची विद्या शिकवली हा गुन्हा धरलाय आणि मध्ययुगातल्या रझिएलच्या ग्रंथात देवदूतांच्या नावांचे ताईत आहेत, दोन्हींत हजाराहून जास्त वर्षांचं अंतर, यांनी सगळं एकाच कढईत टाकलंय. सबटायटल्स तर विचारूच नका.

इस्राएलमधल्या बेथ अल्फाच्या सिनॅगॉगचा (ज्यू प्रार्थनास्थळ) फोटो मात्र थांबवून झूम करा, सहाव्या शतकातली फरशी, मध्ये चार घोड्यांच्या रथात सूर्य, भोवती बारा राशी आणि कोपऱ्यात चार ऋतू, पण राशी आपापल्या ऋतूसमोर येतच नाहीत, सर त्यावर एक शब्द न बोलता पुढच्या स्लाइडवर गेले.