पत्री हरताळ : माल उत्तम, पुडी धोक्याची

पोथ्यांची डागडुजी आणि जुन्या पद्धतीची चित्रं करणाऱ्यांना संभाजीनगरच्या जुन्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात हरताळ मिळतो. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळं खनिज, रंगासाठी वापरतात. एका दुकानातला खडा आणि भुकटी दोन्ही तपासून हे लिहिलं आहे.

खडा अस्सल आहे. अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात, तुटल्या कडेला सोनेरी झाक दिसते, नखानं ओरखडा उठतो. हाताला जड लागतो, कारण त्याची घनता पाण्याच्या साडेतीन पट. गंधकाचा खडा लांबून तसाच दिसतो, पण पापुद्रे नसतात आणि वजनाला हलका. मागताना ‘पत्री’ (पापुद्र्यांचा) म्हणाच, नाहीतर गोदंती हरताळ हातात पडू शकते. ती पांढरी, म्हणजे जिप्सम. रंगाच्या कामाची नाही. जाळून पारख मुळीच करू नका. लसणासारखा जो वास येतो तो आर्सेनिकच्या विषारी वाफेचा.

भुकटी मात्र घेऊ नका. हळदीची भेसळ चुन्याच्या निवळीनं लाल होऊन उघडी पडते, पण कृत्रिम हरताळात सोमल (आर्सेनिकचा पांढरा ऑक्साइड) उरलेला असेल तर तो डोळ्यांना कळत नाही. सोमल पाण्यात विरघळतो, म्हणून खनिजापेक्षा कितीतरी जास्त घातक.

पानभर कामाला पाच ग्रॅमचा तुकडा भरपूर. कोरडा कुटू नका. काचेच्या पाटीवर पाण्यात भिजवून काचेच्या घोट्यानं घोटा. स्वयंपाकघरातला खल कधीच नाही. नायट्राइलचे हातमोजे, एन९५ मास्क, पंखा बंद. फार बारीक घोटला तर चमक जाऊन फिकट लिंबूरंग उरतो, तेव्हा किंचित रवाळ असतानाच थांबा. भुकटी पाणी धरत नाही, तरंगते. स्पिरिटचे दोन थेंब टाकले की बसते. मग बाभळीच्या डिंकाचं पाणी (एक भाग डिंक, दोन भाग पाणी) थेंबाथेंबानं. डिंक कमी पडला तर रंग बोटाला सुटतो आणि ती धूळ विषारीच. जास्त झाला तर वाळताना तडकतो. कागजीपुऱ्याच्या हातकागदावर आधी कोपऱ्यात लावून बघा.

शिशाचा सफेदा किंवा जंगाल (तांब्याचा हिरवा रंग) शेजारी नको: हरताळातल्या गंधकानं ते काळवंडतात. चुन्याच्या भिंतीवरही नको, कारण हरताळ अल्कलीत विरघळतो. वाड्याच्या भिंतीला पिवडी (पिवळी माती) लावा. अजिंठ्यातला पिवळाही मुख्यतः पिवळ्या मातीचाच आहे. उन्हात हरताळ पांढुरका पडतो आणि त्यातून आर्सेनिकचा ऑक्साइड तयार होतो. पोथीच्या मिटलेल्या पानांत हरताळ टिकतो, उजेडातल्या फ्रेममध्ये नाही.

आमची खरी तक्रार बांधणीबद्दल आहे. वजनाच्या सुमारे ६१ टक्के आर्सेनिक असलेला पदार्थ साध्या कागदाच्या पुडीत, खाण्याच्या औषधांच्या ओळीत ठेवलेला. चिठ्ठी नाही, सूचना नाही. विषांच्या विक्रीसाठी १९१९ पासून कायदा आहे. झाकणाची बरणी, वर ‘विष’ असा ठळक शब्द आणि वेगळं कुलूपबंद कपाट, एवढं दुकानदारानं करायलाच हवं. तोवर गिऱ्हाइकानं स्वतःची काचेची बरणी घेऊन जावी, पुडी तिथेच बरणीत रिकामी करावी आणि तो कागदही बरणीतच बंद करावा. घोटल्यानंतरचं पाणी मोरीत किंवा झाडांना घालू नये. गाळ बसू द्यावा, पाणी आणि गाळ दोन्ही झाकून ठेवून घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्यावेत.