जांबोलोन्याचा मर्क्युरी, प्लास्टरमधला: क्लाससाठी घेतलेली प्रत

अमळनेरला माझा चित्रकलेचा क्लास आहे. घरात तीन पिढ्या गणपती घडतात, म्हणून प्लास्टर मला लहानपणापासून ठाऊक. तरी ही मूर्ती पॅकिंगच्या गवतातून बाहेर काढताना छातीत धडधडत होतं. शिल्पकार जांबोलोन्याचा उडता मर्क्युरी, म्हणजे रोमन देवांचा दूत! मूळ ब्राँझ १५८० चं, मेडिची घराण्याच्या रोममधल्या वाड्यातल्या कारंज्यासाठी केलेलं. आता ते फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहे. माझी प्रत बैठकीसह साडेतीन फूट, किंमत ६,५०० रुपये, टेम्पोभाडं वेगळं. ज्यांच्याकडून घेतली त्यांचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही सांगायच्या आहेत.

आधी पाठीबद्दल. फोटोत सगळे समोरची बाजू दाखवतात, पण ही मूर्ती मागून बघावी. वर गेलेल्या उजव्या हातामुळे खांद्याचं पातं सरकलंय, कण्याची पन्हाळ कमरेपाशी हलकेच वळते आणि तिथून उजवा पाय मागे हवेत जातो. मुलं चारी बाजूंना पाट टाकून बसली तरी कुणाच्याही वाट्याला मेलेली बाजू येत नाही. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात ग्रीक मूर्तींच्या प्लास्टर प्रतींवरून अभ्यास करायची जुनी रीत आहे ती का, हे आमच्या पोरांना एका दुपारी कळलं. एवढ्यासाठीच मला पैसे वसूल वाटतात.

आता पाय. मूळ मूर्तीत सगळं शरीर डाव्या पायाच्या पुढच्या भागावर तोललेलं आहे आणि त्याखाली वायुदेव गाल फुगवून फुंकर मारतोय. मर्क्युरी त्या फुंकरीवर उभा आहे. हे ब्राँझलाच जमतं. ब्राँझ आतून पोकळ ओतता येतं आणि ताण सोसतं. दगडात करायचं तर पायाशेजारी झाडाचं खोड कोरून आधार द्यावा लागतो. प्लास्टर दाब झेलतं, पण वाकवलं की मोडतं, म्हणून आत लोखंडी सळई हवीच. कारागिराने ती घातलीय, पण ती झाकायला घोटा इतका जाड केला की पाय सुजल्यासारखा दिसतो. सळई उघडी ठेवली असती तरी मला चाललं असतं, घोट्याचा आकार तरी वाचला असता.

आबांनी मूर्तीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, काखेपाशी थांबले आणि म्हणाले, "आठे जोड शे." (इथे जोड आहे.) खरंच होता. हात वेगळा ओतून बसवलाय, रेघ मात्र नीट घासलेली नाही. आभाळाकडे दाखवणारी तर्जनी वाटेतच तुटली होती. फोन केला तर "घरीच चिकटवून घ्या" असं उत्तर मिळालं. या मूर्तीचा सगळा झोत त्या बोटाच्या टोकाशी संपतो आणि पॅकिंगमध्ये नेमकं तेच मोकळं सोडलेलं! आबांनी आत तांब्याची तार घालून बोट बसवलं.

सगळ्यात मोठी चूक रंगाची. वरून ब्राँझचा म्हणून तपकिरी-सोनेरी स्प्रे मारलेला. घट्ट होताना प्लास्टर किंचित फुगतं, साच्याच्या बारीक रेषेतही शिरतं. हाच त्याचा मोठा गुण. तो गुण रंगाच्या थराखाली गेला. टोपीच्या पंखांवरची पिसं बुजलेली होती. थिनर आणि पॉलिश पेपर घेऊन तीन रविवार बसले, तेव्हा पांढरं अंग वर आलं आणि त्यावर खिडकीची सावली दिसायला लागली. घेणार असाल तर बिनरंगाचीच मागा.

चेहरा मऊ झालाय, मर्क्युरीच्या हातातल्या काठीवरचे दोन साप नुसत्या दोरीसारखे. साचा मूळ मूर्तीचा नव्हे, प्रतीच्या प्रतीचा असावा. दर वेळी थोडी धार जातेच.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत प्लास्टर छान टिकतं. पावसाळ्यात मात्र आतली सळई गंजली की तांबूस डाग वर येतो. म्हणून बैठकीला खालून लाखेचे दोन हात दिलेत आणि मूर्ती ओलीच्या भिंतीपासून दूर, उत्तरेच्या खिडकीशी ठेवलीय. ऑर्डर देताना पितळी सळई घालाल का, एवढं जरूर विचारा.

परवा चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसणाऱ्या एका मुलीने मूर्तीसमोर दोऱ्याला दगड बांधून ओळंबा टांगला. एका बाजूला पुढे झुकलेली छाती, दुसऱ्या बाजूला मागे गेलेला पाय. दीड तासात तिने फक्त ती उभी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंची अंतरं काढली. आज खांद्यापर्यंत आलीय.