बाटली खरी होती

आकडा आधीच सांगून टाकतो: 82 हजार. त्यातले 52 रोख, 30 यूपीआयने. बदल्यात मिळाली 700 मिली रम, जी कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमध्ये तेव्हा हजाराच्या आत यायची.

मी राहतो ठाण्यात, वसंत विहारच्या बाजूला, आणि नोकरी रबाळ्याला, केमिकल कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये. म्हणजे ड्रमवर लिहिलंय तेच आत आहे का, हे बघण्याचा मला पगार मिळतो. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

रमचा नाद कॉलेजपासूनचा. तेव्हा ओल्ड मंक, ती आजही आवडते. पण पाच-सहा वर्षांपूर्वी लंडनला असलेल्या भाच्याने कॅरोनीचा एक घोट पाजला आणि मी कामातून गेलो. कॅरोनी ही ट्रिनिदादची डिस्टिलरी. 1845 पासून आपल्याकडचे गिरमिटिये ऊसतोडीला नेले गेले, त्याच बेटावरची. साखरेचा धंदा सरकारी होता, तोट्यात गेला आणि 2003 मध्ये बंद पडला. हजारो कामगार घरी बसले, डिस्टिलरीही संपली. 2004 मध्ये जिनोआच्या वेलिये कंपनीच्या लुका गार्गानोला तिथे जुनी पिंपं पडलेली सापडली. ती त्याने घेतली, वर्षानुवर्षं थोडी थोडी बाटल्यांत भरली, आणि कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं ती रम लिलावात जाऊ लागली. नवी तर बनणारच नाही. आहे तीही पिंपात उडते: स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण 2 टक्के, ट्रिनिदादच्या उकाड्यात त्याच्या तिपटीच्या आसपास. सतरा वर्षांनी पिंपात उरतं काय, हे गणित मी भेटेल त्याला ऐकवायचो. बायको म्हणायची, तुझा पीएफ मोजायला शीक आधी.

वास विचाराल तर पावसाळ्याआधी घोडबंदर रोडला खड्डे बुजवतात तेव्हाचा. गरम डांबर, थोडं पेट्रोल, आणि त्याच्या मागून फार पिकलेलं केळं. लोक नाक मुरडतात, मला मात्र तेच हवं असायचं.

तर हा माणूस मला एका मित्राच्या मित्राकडून मिळाला. नेरुळला राहतो म्हणाला, बोटीवर असतो. नवी मुंबईत हे ऐकून कुणाच्या भुवया उंचावत नाहीत, प्रत्येक सोसायटीत एक तरी बोटीवरचा असतोच. सीवूड्स स्टेशनच्या मॉलमध्ये भेटलो. मी गमतीत कॅप्टन म्हटलं तर म्हणाला, "कॅप्टन वरचे, दादा. आपण इंजिनरूमवाले." मग त्याने पॉइंट लिसासचं नाव काढलं. ते ट्रिनिदादचं बंदर, अमोनिया आणि मिथेनॉलच्या कारखान्यांचं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात माझ्यासारख्याला ते नाव माहीत असतं, बाकी दहा हजारांत एखाद्याला असेल. मी तिथेच विरघळलो. आता वाटतं, मी काय काम करतो हे त्या मित्राच्या मित्राने त्याला आधीच सांगितलं असणार. गळाला कुठलं आमिष लावायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याच्याकडे 17 वर्षांची, 110 प्रूफची, म्हणजे 55 टक्के अल्कोहोलची कॅरोनी होती, ट्रिनिदादच्या दुकानातून घेतलेली, असं तो म्हणाला. किंमत 65 हजार. घासाघीस करून 52 वर आली. परदेशातला लिलावाचा भाव आणि आपल्याकडची 150 टक्के कस्टम ड्यूटी धरली तर ती रास्तच होती. पंधरा हजाराला देतो म्हणाला असता तर मी उठून आलो असतो. भामट्यांचा माल नेहमी स्वस्त असतो, ही माझी समजूत तेव्हा होती.

त्याने घाई केली नाही. उलट खिशातून औषधाची असते तशी 30 मिलीची बाटली काढली. "आधी चव बघा, दादा. ही माझ्या उघड्या बाटलीतली. तुम्हाला देणार ती सीलबंद, याच लॉटची." घरी जाऊन ग्लासात ओतली. तोच वास, तेच डांबर, नाकाला झोंबणारे 55 टक्के. शंका घ्यायला जागाच नव्हती, कारण ते सँपल खरोखरच कॅरोनीचं होतं.

इथे थांबून विचार करायला हवा होता. कारखान्यात कुणी मला म्हणालं की 'ड्रम नंबर पाचचं सँपल घ्या आणि त्यावर ड्रम नंबर सहा पास करा', तर मी त्याला गेटबाहेर काढेन. आणि सीवूड्सच्या मॉलमध्ये मी नेमकं तेच केलं. तो वास त्याच्या उघड्या बाटलीचा होता, मी घेतलेल्या बाटलीबद्दल त्यातून काहीच कळत नव्हतं.

पुढच्या शनिवारी बाटली घेतली. तासभर भिंगाखाली. लेबलचा कागद, छपाई, बाटलीच्या बुडाचे आकडे, खोका, सगळं फोटोंशी ताडून पाहिलं आणि सगळं जुळलं. जुळणारच, कारण बाटली खरी होती, लेबल खरं होतं, खोकासुद्धा खरा. खोटी होती फक्त आतली रम. काच गडद, त्यामुळे रंग दिसत नाही. बुचावरचं प्लास्टिकचं आवरण तेवढं नवं होतं, आणि तसलं गरम हवेने आवळणारं आवरण शेकड्याने विकत मिळतं, हे आमच्याच पॅकिंग विभागातल्या कुणीही सांगितलं असतं. मी विचारलंच नाही. एक प्रश्न मात्र डोक्यात आला होता: ट्रिनिदादच्या दुकानात घेतलेल्या बाटलीच्या पाठीवर इटालियन मजकूर कसा? त्याचं उत्तर मीच त्याच्या वतीने दिलं, की वेलिये इटालियन आहे ना, म्हणून असेल. गिऱ्हाईक स्वतःच वकिली करू लागलं की विकणाऱ्याला काय काम उरतं?

बाटली कपाटात ठेवली, पन्नाशीला उघडायची म्हणून. सहा महिन्यांनी त्याचा फोन आला: 1996 ची एक मिळतेय, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे, 30 हजार टोकन टाका. मी टाकले. खातं बाईच्या नावावर होतं. "मिसेसचं आहे," म्हणाला. त्यानंतर आठवडाभर 'बोट निघालीय, रेंज नाही', आणि मग फोन बंद.

चार आठवडे मी चक्क खलाशाची काळजी केली. पाचव्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी, कपाटातली बाटली काढली आणि पन्नाशीची वाट न बघता उघडली.

व्हॅनिला, करपलेली साखर, गोडसर. ओळखीचा, घरगुती वास. डांबराचा पत्ता नाही.

सोमवारी पाव लिटर घेऊन लॅबला गेलो. नुसता अल्कोहोलमीटर टाकून भागत नाही, कारण साखर किंवा कॅरमेल असेल तर तो कमी दाखवतो. म्हणून 100 मिली डिस्टिल केली, पाणी घालून परत 100 वर आणली, मग मोजली. साडेबेचाळीस. दोनदा केलं, तेच. लेबलवर 110 प्रूफ म्हणजे अमेरिकन हिशोबाने 55 टक्के. आपल्याकडच्या रमवर 75 अंश प्रूफ असतं ते जुन्या ब्रिटिश हिशोबाने, म्हणजे 42.8. कुठली रम होती हे सांगायला आणखी पुरावा नको होता. थोडी वॉच ग्लासवर, म्हणजे लॅबमधल्या उथळ काचेच्या ताटलीत, सुकवली तर खाली चिकट तपकिरी थर उरला. आमचा लॅबमधला मुलगा म्हणाला, "सर, हे काय, मोलॅसिस आलंय का टेस्टिंगला?" मी हो म्हटलं.

मला वाटतं त्याची पद्धत अशी असावी: खरी बाटली एकदाच घ्यायची, तिचे तीस-तीस मिलीचे वीस-बावीस सँपल करायचे, आणि रिकामी बाटली भरून विकायची. एका बाटलीत वीस गिऱ्हाइकांचं मन वळतं. रिकाम्या बाटल्या तर आणखी कुठूनही आणता येतात.

तक्रारीचं काय, असं सगळे विचारतात. वकील मित्राकडे गेलो. माझ्याकडे हजार रुपयांचा आयुष्यभराचा परवाना आहे, तो मी ऐटीत दाखवला. तो म्हणाला, "हा पिण्याचा परवाना आहे रे. ज्याच्याकडे विक्रीचं लायसन्स नाही त्याच्याकडून घ्यायचा नाही. बोटीवरून दोन लिटर आणता येते ती स्वतःसाठी, धंद्यासाठी नाही." म्हणजे 52 हजारांची कहाणी पोलिसांना सांगायची, तर पहिला गुन्हा माझ्याच तोंडून कबूल होणार. त्या माणसाचा खरा विमा तोच होता. 30 हजारांसाठी मात्र मित्राने हाताला धरून 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायला लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, पैसे कधी पाठवले? पाच आठवड्यांपूर्वी, म्हटल्यावर पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे वाटेत अडवता येतात. माझ्या वेळी ते खातं कधीच रिकामं झालं होतं. तक्रार क्रमांक आहे माझ्याकडे, पाकिटात.

ज्यांना हा नाद आहे आणि माझ्यासारखाच सुटणार नाही, त्यांनी निदान एवढं करा: परदेशी जाणाऱ्या नातेवाइकाला तिथल्या दुकानातून पावतीसकट आणायला सांगा. नाही जमलं तर नका घेऊ. आणि दाखवायला दिलेलं सँपल कितीही खरं निघालं तरी ते पिऊन मजा करा, त्यावर पैसे देऊ नका.

बाटलीतली उरलेली रम दिवाळीत मित्रांनी कोकात घालून संपवली. चांगली होती, खोटं का बोलू.

मग डिसेंबरात एक अनोळखी फोन आला. बोलणं अगदी अदबीचं. "तुमच्याकडे कॅरोनीची रिकामी बाटली आहे असं कळलं, दादा. सहा हजार देतो. खोका असेल तर आठ. बूच तेवढं जपून ठेवा."

मी फोन ठेवला. खोका फाडला, लेबलवर कटरने आडवे-उभे काप मारले, बाटली गोणपाटात गुंडाळून गॅलरीत हातोडी घातली. दुसऱ्या दिवशी रद्दीवाला आला तेव्हा पेपरांबरोबर ते गाठोडंही त्याच्यापुढे ठेवलं. त्याने उघडून बघितलं आणि बाजूला सारलं.

"अख्खी असती तर पाच रुपये दिले असते, साहेब. फुटक्याचं काय करू?"