सहावा पिक ठेवावा की द्यावा? एएफएलमधल्या ड्राफ्ट, ट्रेड आणि फ्री एजन्सीची तुलना

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ग्रँड फायनल होते आणि त्यानंतर आठवडाभरात ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या प्रत्येक क्लबात एकच खल सुरू होतो. हातातला वरचा पिक (ठरलेल्या क्रमांकाला नवा खेळाडू निवडण्याचा हक्क) सांभाळून नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या मुलांच्या वार्षिक निवडीत, १८ वर्षांचा पोरगा घ्यायचा, की तोच पिक देऊन पंचविशीतला तयार खेळाडू आणायचा? तिसरी वाट फ्री एजन्सीची, म्हणजे करार संपलेला खेळाडू थेट घेण्याची. तिथे पिक द्यावा लागत नाही, पण पगार घसघशीत मोजावा लागतो. तुमच्या क्लबाने यातलं काय करावं याबद्दल ठाम मत बनवायचं असेल, तर या तीन वाटांची खरी किंमत कुठे दडलेली असते ते आधी पाहावं लागेल.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. इथे एक क्लब दुसऱ्याला पैसे देऊन खेळाडू विकत घेत नाही. देवाणघेवाण होते ती पिकांची आणि खेळाडूंची. पैसा लागतो तो पगाराला, आणि त्यावर सॅलरी कॅपचं, म्हणजे क्लबाच्या एकूण पगाराच्या कमाल मर्यादेचं, कुंपण असतं. दुसरी गोष्ट म्हणजे करारात असलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय कुठेही पाठवता येत नाही. अर्थात घासाघीस दोघांत नसते, तिघांत असते. खेळाडूने ‘जाईन तर अमुकच क्लबात’ असं सांगितलं की गिऱ्हाईक एकच उरतं आणि विकणाऱ्याचा भाव तिथेच पडतो.

एका पिकाचा प्रवास: ऑक्टोबर २०१८

तिन्ही वाटा एकत्र पाहायच्या तर २०१८ची ट्रेड विंडो, म्हणजे क्लबांना अदलाबदल करता येते तो काळ, घ्यावी. त्या वर्षीचा सहाव्या क्रमांकाचा पिक काही दिवसांत ब्रिस्बेनकडून फ्रीमँटलकडे, तिथून मेलबर्नकडे आणि शेवटी गोल्ड कोस्टकडे गेला.

ब्रिस्बेनने फ्रीमँटलला ६, १९ आणि ५५ हे पिक दिले आणि २५ वर्षांचा मिडफिल्डर लॅकी नील व ३० क्रमांकाचा पिक घेतला. फ्रीमँटलने ६ आणि २३ मेलबर्नला देऊन फॉरवर्ड जेसी होगन आणि ६५ क्रमांकाचा पिक मिळवला. मेलबर्नने ६ क्रमांकाचा पिक गोल्ड कोस्टला दिला आणि बचावपटू स्टीव्हन मे व केड कोलोजॅश्नी असे दोघे आणले. गोल्ड कोस्टने त्या पिकावर १८ वर्षांचा उंच फॉरवर्ड बेन किंग निवडला.

या सौद्यांची तुलना करायला लीगचीच एक मोजपट्टी आहे, ड्राफ्ट व्हॅल्यू इंडेक्स. २०१५पासून वापरात आलेल्या या तक्त्यात पहिल्या पिकाला ३००० गुण होते आणि तिथून उतरती भांजणी. तक्ता केला होता वेगळ्या कामासाठी (ते पुढे येईलच), पण सौद्याचा अंदाज घ्यायला तो बरा पडतो. तेव्हाचे आकडे असे:

| पिक | गुण |
|---|---|
| २ | २५१७ |
| ३ | २२३४ |
| ६ | १७५१ |
| १९ | ९४८ |
| २३ | ८१५ |
| ३० | ६२९ |
| ५५ | २०७ |
| ६५ | ९० |

ब्रिस्बेनने २९०६ गुण दिले आणि ६२९ परत घेतले. म्हणजे नील पडला २२७७ गुणांना, तिसऱ्या पिकापेक्षा किंचित महाग. फ्रीमँटलने होगनसाठी २५६६ दिले, ९० परत आले, निव्वळ २४७६. आपला सर्वांत चांगला मिडफिल्डर विकून जेवढं मिळालं, त्याहून सुमारे २०० गुण जास्त मोजून त्यांनी फॉरवर्ड आणला, आणि तोही पायाच्या नॅव्हिक्युलर हाडाची दुखापत झालेला.

नीलने २०२० आणि २०२३ मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक जिंकलं. २०१८ला १५व्या स्थानावर असलेलं ब्रिस्बेन पुढच्याच हंगामात साखळी फेरीनंतर दुसऱ्या स्थानावर होतं, आणि २०२४ व २०२५ मध्ये विजेतं झालं. होगन फ्रीमँटलकडून दोन हंगामांत १९ सामने खेळला आणि २०२०च्या शेवटी ५४ क्रमांकाच्या पिकावर जीडब्ल्यूएसकडे (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) गेला. तिथे त्याने २०२४ मध्ये सर्वाधिक गोलचं कोलमन पदक मिळवलं, यावरून खेळाडू खोटा नव्हता हे दिसतंच. बिघडलं ते दुखापतीत आणि वेळेत. स्टीव्हन मेचं पहिलं वर्ष दुखापतींनी खाल्लं, पण २०२१च्या विजेत्या मेलबर्नच्या बचावाचा तो कणा होता. कोलोजॅश्नी मात्र डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे लवकरच निवृत्त झाला.

ब्रिस्बेनचा सौदा का जमला, हे नीट पाहण्यासारखं आहे. तळाच्या क्लबाने तयार खेळाडू विकत घेऊ नये असा एक सरधोपट नियम लोक सांगतात. ब्रिस्बेनने तो मोडला, कारण त्यांची ड्राफ्टची मेहनत आधीच झाली होती. ह्यू मॅक्लगेज २०१६ मध्ये तिसऱ्या पिकावर आणि कॅम रेनर २०१७ मध्ये पहिल्या पिकावर आला होता. हॅरिस अँड्र्यूज क्लबाच्या स्वतःच्या अकादमीतून आलेला होता. ही पोरं कसाला उतरू लागली त्याच वेळी नील आला. तेव्हा साखळीच्या गुणतक्त्यातलं स्थान पाहण्यापेक्षा संघाच्या गाभ्याचं वय पाहावं. पहिले आठ-दहा खेळाडू २१ ते २४चे असतील तर विकत घ्या. ते १९चे असतील तर थांबा, कारण ते बहरात येतील तेव्हा आज आणलेला २६ वर्षांचा माणूस उतरणीला लागलेला असेल.

ड्राफ्ट: पिकाला पैसे लागत नाहीत, मुलाला टिकवायला लागतात

राष्ट्रीय ड्राफ्ट १९८६पासून आहे. क्रम साखळीच्या गुणतक्त्याच्या उलटा: शेवटचा क्लब पहिला. मुलगा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १८ वर्षांचा व्हायला हवा. त्याला क्लब निवडता येत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. व्हिक्टोरिया किंवा साउथ ऑस्ट्रेलियातला मुलगा हजारो किलोमीटर दूर क्वीन्सलँडला जातो, पहिला करार संपत येतो तोवर त्याला घर आठवू लागतं, आणि क्लबाची तीन-चार वर्षांची शिकवणी दुसऱ्याच्या पदरात पडते. गोल्ड कोस्टने त्याच २०१८च्या ड्राफ्टमध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे जॅक लुकोशियस (पिक २) आणि इझाक रॅन्कीन (पिक ३) घेतले. रॅन्कीन २०२२च्या शेवटी ॲडलेडला परतला, लुकोशियस २०२४च्या शेवटी पोर्ट ॲडलेडला. तिघांतला व्हिक्टोरियाचा बेन किंग तेवढा टिकला.

नॉर्थ मेलबर्नचं तर एकाच हंगामात झालं. २०२१चा पहिला पिक जेसन हॉर्न-फ्रान्सिस वर्षभरात पोर्ट ॲडलेडला गेला. चार क्लबांच्या त्या सौद्यात नॉर्थला २ आणि ३ क्रमांकाचे पिक मिळाले, पण त्यासाठी २०२२चा स्वतःचा पहिला पिकही सोडावा लागला. त्यातून हॅरी शीझल आणि जॉर्ज वॉर्डलॉ आले, म्हणून नुकसान तसं झालं नाही. दर वेळी नशीब इतकी साथ देत नाही.

म्हणून ड्राफ्टच्या मुलाखतीत घराविषयी, मैत्रिणीविषयी, शिक्षणाविषयी जे प्रश्न विचारतात ते उगाच नसतात. दोन मुलं तोडीस तोड असतील तर जवळचा घ्यावा. मात्र तो ‘जवळचा आहे’ म्हणून यादीत दहा जागा वर ढकलू नये.

खालच्या पिकांना तुच्छ लेखणंही महागात पडतं. डेन स्वॉन २००१ मध्ये ५८व्या पिकावर आला आणि २०११चा ब्राउनलो विजेता झाला. वर ज्याच्यासाठी २२७७ गुण मोजले तो नीलही २०११ मध्ये ५८व्याच पिकावर आला होता. पण असे अपवाद दाखवून ‘खाली सोनं सापडतंच’ असं मानू नये. त्या टप्प्यावरचे कितीतरी जण पहिला करार संपताच यादीबाहेर जातात.

वडिलांचा वारसा आणि अकादमी

ज्याचे वडील एखाद्या क्लबाकडून १०० किंवा अधिक सामने खेळले आहेत तो मुलगा, आणि क्लबाच्या अकादमीतला पात्र मुलगा, यांच्यावर त्या क्लबाचा आधी हक्क असतो. दुसऱ्या क्लबाने त्याच्यावर बोली लावली, म्हणजे आपल्या पिकावर त्याचं नाव घेतलं, की मूळ क्लबाने तेवढ्या गुणांचे पिक देऊन ती जुळवायची. गुणांचा तक्ता मुळात यासाठीच केला. २०२१ मध्ये निक डेकॉस चौथ्या क्रमांकावर गेला. चौथ्या पिकाच्या २०३४ गुणांवर २० टक्के सूट धरून कॉलिंगवूडला सुमारे १६२७ गुण भरावे लागले, आणि ते त्यांनी खालच्या पिकांची मोळी बांधून भरले. २०२५पासून ही सूट १० टक्के झाली, आणि नव्या तक्त्यात ५४च्या पुढच्या पिकांना गुणच नाहीत. चिल्लर जमवून मोठा खेळाडू घेण्याची सोय आता बरीच आटली आहे.

एक गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांच्या कामाची. नेक्स्ट जनरेशन अकादमीच्या बहुसांस्कृतिक गटात आई किंवा वडील आशियात जन्मलेले असलेली मुलं बसतात. तेव्हा मेलबर्नच्या उपनगरात ऑसकिक (लहान मुलांचं फुटबॉल) खेळणाऱ्या मुलाच्या पालकांनी आपला भाग कोणत्या क्लबाच्या अकादमीकडे येतो ते विचारून ठेवावं.

तुमच्या क्लबाकडे असा मुलगा येणार असेल, तर त्या वर्षीचा पहिल्या फेरीतला पिक आधीच ट्रेडमध्ये वापरणं शहाणपणाचं, कारण तो बोलीत गिळला जाणारच असतो. कॉलिंगवूडने २०२१चा आपला पहिल्या फेरीतला पिक वर्षभर आधीच जीडब्ल्यूएसला देऊन टाकला होता. गफलत एवढीच की संघ १७वा आला आणि दिलेला पिक दुसऱ्या क्रमांकाचा ठरला. पुढच्या वर्षीचा पिक देताना ‘आपण तळाला गेलो तर?’ हा हिशेब मांडूनच सही करावी.

फ्री एजन्सी: फुकटाचा भाव

२०१२पासून ही वाट खुली झाली. एकाच क्लबात आठ हंगाम झालेला, करार संपलेला खेळाडू इथे येतो. तो क्लबातल्या वरच्या पगाराच्या चौथाईत असेल तर ‘रिस्ट्रिक्टेड’, म्हणजे जुना क्लब देऊ केलेला पगार जुळवून त्याला अडवू शकतो. जुळवला की बहुधा ट्रेडच करावा लागतो. २०२० मध्ये जेरेमी कॅमेरॉनसाठी जीडब्ल्यूएसने तसंच केलं, आणि जिलाँगला पहिल्या फेरीतले १३, १५ व २० असे तीन पिक द्यावे लागले. कॅमेरॉनबरोबर त्यांना दुसऱ्या फेरीतले दोन भावी पिक परत मिळाले.

खेळाडू गेला तर जुन्या क्लबाला लीगकडून भरपाईचा पिक मिळतो. तो नव्या करारातला पगार आणि वय यांवर ठरतो, पण वरच्या श्रेणीतली भरपाई क्लबाच्या स्वतःच्या पिकामागोमाग येते. त्यामुळे गंमत अशी: २०१३ मध्ये लान्स फ्रँकलिन नऊ वर्षांच्या, एक कोटी डॉलरच्या करारावर सिडनीला गेला, तेव्हा विजेत्या हॉथॉर्नला मिळाला १९वा पिक. वर्षभराने जेम्स फ्रॉली मेलबर्न सोडून गेला, तर तळाच्या मेलबर्नला मिळाला तिसरा. त्यावर त्यांनी अँगस ब्रेशॉ घेतला, जो २०२१च्या विजेत्या संघात होता. आमचं मत स्पष्ट आहे: तळाच्या क्लबाने रिस्ट्रिक्टेड खेळाडूचा पगार केवळ अभिमानापायी जुळवू नये. गोल्ड कोस्टलाही २०१८ मध्ये टॉम लिंच गेल्यावरच तिसरा पिक मिळाला. मात्र त्याच विंडोत तुम्ही स्वतः फ्री एजंट घेतलात तर भरपाईतून तेवढी वजावट होते, हे विसरू नये.

घेणाऱ्याच्या बाजूने धोका पगाराच्या शेपटाचा. करार लांबवून दरवर्षीचा आकडा खाली आणता येतो, पण शेवटची दोन वर्षं कॅपमध्ये अडकून राहतात. मग सुटकेसाठी उलट मोजावं लागतं: २०२२ मध्ये गोल्ड कोस्टने जॅक बोव्सचा पगार डोक्यावरून उतरवण्यासाठी त्याच्यासोबत चक्क सातवा पिक जिलाँगला दिला आणि बदल्यात तिसऱ्या फेरीतला भावी पिक घेतला. कॅपमध्ये जागा राखून बसलेल्या क्लबाला असा सौदा सगळ्यांत स्वस्त पडतो.

सौदा फसतो कुठे

ट्रेडची मुदत मेलबर्नच्या वेळेने बुधवारी संध्याकाळी ७:३०ला संपते, म्हणजे भारतात दुपारी २ला. शेवटच्या तासात चार कागद अडकलेले असतात, कारण एक सौदा दुसऱ्यातून येणाऱ्या पिकावर अवलंबून असतो. कडी तुटली की सगळंच कोसळतं. करार संपलेला पण फ्री एजंट नसलेला खेळाडू मुदतीत सुटला नाही, तर तो ड्राफ्टमध्ये उतरू शकतो. २००९ मध्ये सेंट किल्डा आणि कॉलिंगवूडचं ल्यूक बॉलवरून जमलं नाही. कॉलिंगवूडने त्याला ड्राफ्टमध्ये ३०व्या पिकावर उचललं, सेंट किल्डाला काहीच मिळालं नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच सेंट किल्डाला हरवून कॉलिंगवूड विजेतं झालं. ताठर विक्रेत्यासाठी ७:२५ला समोर असलेला कमी भाव शून्यापेक्षा बराच असतो.

पिक सांभाळून ठेवला तरी पर्याय संपत नाहीत. २०१८पासून ड्राफ्टच्या रात्रीही पिकांची अदलाबदल करता येते, आणि हवा असलेला मुलगा अचानक खाली घसरला की त्या वेळी भाव सर्वाधिक चढतो. तेव्हा ऑक्टोबरमध्ये तयार खेळाडूसाठी मनासारखा सौदा झाला नाही, तर सहावा पिक घाईने कुणाच्या गळ्यात मारू नका. नोव्हेंबरच्या त्या रात्री सहाव्या क्रमांकाचं घड्याळ सुरू झाल्यावर फोन येतात.